बीपीचा भाव

माहुल कोळीवाड्यातल्या 'लहान समाजांतील वार्धक्य आणि आरोग्य संशोधन केंद्रा'ची पाटी इतकी लांबलचक होती, की ती लावायला शेजारच्या बर्फवाल्याची भिंत उसनी घ्यावी लागली. आत मात्र दोन खोल्या, एक वजनकाटा, बीपीचं एक मशीन आणि ते चालवणारा निमेश, बस्स. या डोलाऱ्याची व्यवस्थापक होती मुलुंडहून येणारी रुचिरा. पंखा दुरुस्त करण्यापासून म्हाताऱ्यांचे रुसवे काढण्यापर्यंत पडेल ते काम तिचंच.

पण सध्या बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. वर्षभराच्या तपासणीत साठी उलटलेल्या कोळणींचं बीपी पंचविशीतल्या पोरींसारखं निघालं होतं. शेजारी रिफायनरीचा धूर, ताटात खारवलेली सुकी मासळी, आणि बीपी एकदम झकास! निधी देणाऱ्या संस्थेचे चंद्रप्रकाश साहेब फोनवर नुसते डोलत होते. शुक्रवारी ते स्वतः बघायला येणार होते. पसंत पडलं तर केंद्राला आणखी तीन वर्षं, नाहीतर बर्फवाल्याला त्याची भिंत परत.

गुरुवारी दुपारी रुचिरा बाजारात अंजनाबाईंकडे पापलेटं निवडत होती. अंजनाबाई म्हणजे केंद्राचा पहिला मोहरा; तपासणीच्या दिवशी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. बोलता बोलता बाई डोकं धरून मटकन खाली बसल्या. रुचिराने त्यांना आधार देत केंद्रात आणलं. निमेश जेवायला गेलेला, म्हणून बीपी तिनेच घेतलं. एकशे अठ्ठ्याहत्तर! मशीन बिघडलं असेल म्हणून तिने स्वतःचंही घेऊन पाहिलं. मशीन ठणठणीत होतं.

तेवढ्यात निमेश हात पुसत आला.

"निमेश, गेल्या आठवड्यात यांचं एकशे तीस कसं आलं होतं रे?"

निमेशने आधी अंजनाबाईंकडे पाहिलं, मग छताकडे.

"आलं नव्हतं मॅडम. ठरलं होतं."

"ठरलं होतं म्हणजे?"

"मी एकशे सत्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, एकशे वीस लाव. मी म्हटलं, परवडत नाही. शेवटी एकशे तीसवर पटलं. मॅडम, यांच्याशी घासाघीस करून कोण जिंकलंय? वर म्हणतात, भवानीची येल हाय, नय बोलू नको."

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. त्या गिऱ्हाइकाला कोळीण रिकाम्या हाती पाठवत नाही, दोन पैसे कमी घेईल पण सौदा करील. निमेश बोरिवलीचा, पण मूळचा कोकणातला. भवानी मोडायची त्याची काय छाती! आणि अंजनाबाईंना कमी लावल्यावर मागच्या बायकांना जास्त कसं लावणार? बाजारात बोंब झाली असती.

माहुलचं रहस्य एवढंच होतं तर! वाट लागली. रुचिराने केंद्राच्या डॉक्टर निशाला फोन लावला. गोळी आजच सुरू करा, निशाने बजावलं. पण अंजनाबाई ढिम्म.

"मना कशाला गोली? माजा एकशेतीस हाय. ठरलेला भाव कोन मोडतं का गो?"

रुचिराने समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी हात जोडले. बाई बाजारात आपल्या मासळीच्या पाटीकडे चालत्या झाल्या. त्या रात्री रुचिराला केंद्राची चिंता होतीच, पण त्याहून जास्त भीती वाटली ती अंजनाबाईंची. म्हातारी तिला आवडायची. पापलेट नेहमी महागच लावायची, तरी आवडायची.

शुक्रवारी सकाळी चंद्रप्रकाश साहेब आले तेव्हा पायरीवर अंजनाबाई होत्याच. रुचिराने खुर्ची द्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. "साहेब, रहस्यबिहस्य काही नाही. आमच्याकडे बीपीवर घासाघीस होते."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. तो रंग बघून निमेशने न विचारताच त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"एकशे अडुसष्ट."

"छे! गाडीत दगदग झाली हो," साहेब म्हणाले. "वर आत्ताच चहा घेतला. थोडं कमी धरा ना. एकशे चाळीस लिहा."

निमेशने रुचिराकडे पाहिलं. रुचिराने नकारार्थी मान हलवली.

"बरं, पंचेचाळीस. आज पहिलाच तर मी आहे तुमच्याकडे!"

"ओ सायेब!" पायरीवरून आवाज कडाडला. "त्यो काय बोंबलाचा वाटा हाय? रगत हाय तुमचा! उद्या पडाल कुठं तर एकशेचालीस उचलाया येल काय?"

स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानावर पडल्यासारख्या अंजनाबाई थबकल्या. मग पदर खोचून आत आल्या आणि रुचिरासमोर बसल्या.

"माजा खरा कितीला गेला गो, बाय?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर."

"सायबापेक्षा जास्त?" बाईंच्या तोंडावर क्षणभर अभिमानच उमटला. "मंग सायबाला एक गोली, तर मना दोन दे."

"एकच," रुचिरा म्हणाली. "आणि घासाघीस नाही. तुम्ही मला हव्या आहात, अंजनाबाई."

बाईंनी मुकाट्याने गोळी गिळली. साहेबांनी पट्टा सोडवून निमेशच्या हातात दिला. मग म्हणाले, "सगळ्यांचं पुन्हा मोजा. खरं. एक वर्ष देतो."

रुचिरा 'थँक्यू' म्हणणार, तोच अंजनाबाईंनी तिला कोपराने ढोसलं. रुचिराने पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली.

"एकात परवडत नाही, साहेब. तीन लावा."

"मॅडम, काहीतरीच काय!"

"भवानीची वेळ आहे. नाही म्हणू नका."

दोनावर पटलं.