तिसरी बांगडी

मिरजेला गाडी बदलली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मंजुळानं पदराखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा एकदा चाचपला आणि मगच त्या छोट्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. मागून तिचा थोरला दीर दामाजी पिशवी घेऊन चढला.

"खिडकीशी बस गो. डोंगर बघ जरा. तीन महिने मान खाली घालूनच फिरतेस," तो म्हणाला.

दोघं ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. मंजुळाचा नवरा गुणाजी परदेशी प्रवाशांना जगभर फिरवणाऱ्या एका बोटीवर होता, खालच्या स्वयंपाकघरात. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं आणि जाळ्यात मासळीऐवजी काळा गाळ येऊ लागला, तेव्हा आधी तो वागळे इस्टेटमध्ये लेथवर लागला. ते वर्कशॉप बंद पडलं. मग कुणाच्या तरी ओळखीनं बोटीवर गेला. जाताना हसत म्हणाला होता, "खाडीचा कोळी होतो, आता दर्याचा झालो. बढती मिळाली म्हण."

श्रावणात तार आली. गुणाजी समुद्रात पडला, शोध घेतला, सापडला नाही. पुढे कार्तिकात कंपनीचं पत्र आलं, की बोट गोव्याला मुरगाव बंदरात एक दिवस लागणार आहे, तरी पत्नीने येऊन सामान ताब्यात घ्यावं आणि मृत्यूच्या कागदावर सही करावी.

त्या सहीवरून घरात दोन तट पडले होते. सासू जनाबाई निघताना दारात आडवी उभी राहिली. "सामान आण, सही करू नको. डोळ्यांनी कुणी बघितलाय मेलेला? माझा पोर दर्यानं ठेवून घेतलाय, उद्या सोडील. तू सही केलीस की तू मारलास."

दामाजीचं म्हणणं उलटं. "आई, ना दहावं, ना बारावं. त्याचा जीव तसाच लटकतोय पाण्यावर. त्याला मोकळा करू दे."

मंजुळा दोघांनाही काही बोलली नव्हती. तार आली त्या दिवसापासून तिनं मासळी सोडली होती. पाटीत पापलेटं घेऊन टेंभी नाक्यापर्यंत विकत जायची, पण घास तोंडात घालायची नाही. तो घरी येईल तेव्हाच खाईन, असं तिनं एकवीरा आईला सांगून ठेवलं होतं. शिवाय डब्यात काय आहे ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. सही करायची की नाही हे तो डबा ठरवणार होता.

बेळगाव गेलं. लोंढा आलं तशी समोरच्या बाकावर मागच्या डब्यातलं एक जोडपं येऊन बसलं. डोंबिवलीचे, टिळकनगरातले. त्र्यंबकराव नुकते बँकेतून निवृत्त झालेले आणि नीलाताई शाळेत शिकवणाऱ्या. मंगेशी, शांतादुर्गा करून यायचं म्हणून निघालेली माणसं. पाच मिनिटांत त्यांनी दशम्या सोडल्या आणि मंजुळाच्या हातावर आग्रहानं ठेवल्या.

"दर्शनाला का तुम्हीपण?"

"नाय. बोटीवर चाललोय."

"त्या पांढऱ्या बोटीवर? अहो, ऐकलंत का?" नीलाताईंनी नवऱ्याला कोपर मारलं. "पेपरात आलंय, सात मजली आहे म्हणे. आत पोहायचा तलावसुद्धा! आमच्या ह्यांना तिचं लांबून दर्शन घ्यायचंय. मंगेशी नावाला."

"समुद्रात जाऊन तलावात पोहायचं," त्र्यंबकराव म्हणाले. "म्हणजे डोंबिवलीत राहून माथेरानचा फोटो बघण्यासारखं झालं."

दामाजी हसला. मंजुळाच्याही ओठांच्या कोपऱ्यात काही हललं. तेवढ्यात नीलाताईंचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं.

"अगं बाई, या हातातल्या कुठे गेल्या? वाढवल्या की काय प्रवासात?"

बांगडी फुटली असं सवाष्णीच्या बाबतीत म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मंजुळानं उजवा हात पदरात ओढून घेतला. नीलाताईंनी मात्र आपल्या हातातली हिरवी बांगडी उतरवायला घेतलीसुद्धा. "घे. सवाष्णीचा हात रिकामा नसावा. नाही म्हणू नकोस हं, मी तुझ्या मोठ्या बहिणीसारखी."

"नको ताई. आम्हां कोळणींचा हा हात उघडाच असतो. तो दर्याला दिलेला."

मग तिनं सांगितलं. कोळ्यांच्या लग्नात नवरीच्या उजव्या हातातला चुडा उतरवून पाण्याला देतात. देतात, फेकत नाहीत. गुडघाभर पाण्यात उतरून ओंजळीनं पाण्याच्या हाती ठेवतात. त्यानंतर नवरा पाण्यात गेला की त्याला राखायचं काम दर्याचं.

"किती गोड गं!" नीलाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मग तुमचे मालक त्या बोटीवर आहेत, होय ना? त्यांना भेटायला चाललीस."

दामाजीनं खिडकीबाहेर मान वळवली. मंजुळा म्हणाली, "होय."

कॅसलरॉकला गाडीला मागून आणखी इंजिनं जोडली. घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंनी रान इतकं अंगावर आलं की फांद्या डब्याला घासू लागल्या. बोगद्यात शिरलं की डब्यात काळोख आणि कोळशाचा वास, बाहेर आलं की एकदम खाली तळ न दिसणारी दरी. माकडांचा कळप रुळाकडेला बसून गाडी मोजत असल्यासारखा पाहत होता. माणसाचं घर म्हणून कुठे दिसेना. इतकं हिरवं मंजुळानं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्या हिरव्यात तिला एकच हिरवं दिसत होतं.

नऊ वर्षांपूर्वीचं. तिच्या लग्नाची वरात उशिरा पोचली, वाजंत्री निघायची घाई करत होती आणि खाडीला ओहोटी लागली होती. जनाबाई म्हणाली, "पाणी हाय ना थोडं? मग झालं!" आणि घोट्याएवढ्या पाण्यात चुडा ठेवून सगळे वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नवरी भांडी घेऊन धक्क्यावर गेली, तर तिवरांच्या मुळाशी चिखलात तीन हिरव्या बांगड्या चकाकत होत्या. बाकीच्या गेल्या होत्या. या तीन दर्यानं घेतल्या नव्हत्या. पाठीमागून बायकांचे आवाज येत होते. कुणी पाहिलं असतं तर तोंडोतोंडी झालं असतं, की जनाबाईच्या सुनेचा चुडा दर्यानं परत केला. पोरीनं घाबरून त्या उचलल्या, पदरात पुसल्या आणि बिस्किटांच्या डब्यात लपवल्या. दर नारळी पौर्णिमेला ती ठरवायची, आज देऊन टाकू. दर वर्षी कुणी ना कुणी शेजारी उभं असायचं. पुढे हेमा झाली, दिवस बरे चालले, आणि भीतीसुद्धा डब्यात गप पडून राहिली.

आता ती त्या बांगड्या खऱ्या समुद्राला द्यायला निघाली होती. दिलेलं परत उचललं म्हणून त्यानं माणूस उचलला, मग याचं त्याला देऊन टाकलं तर आपलं आपल्याला मिळेल. नाही कसं मिळणार? असा तिचा हिशेब होता. तोवर सही करायची नाही.

"आला! आला!" डबाभर ओरडा झाला. दूधसागर. डोंगराच्या माथ्यावरून पांढरं पाणी कोसळत होतं आणि गाडी त्याच्या छातीशी असलेल्या पुलावरून हळूहळू चालली होती. तुषार खिडकीतून आत आले. नीलाताईंनी हात जोडले. त्र्यंबकराव म्हणाले, "हेच पाणी पुढे मांडवीतून समुद्राला मिळतं बरं."

समुद्राला मिळतं म्हटल्यावर मंजुळाला राहवेना. निदान या पाण्याला बांगड्या दाखवाव्यात म्हणून तिनं डबा उघडला, आतल्या खणाची गाठ सोडली. बांगड्या दोनच होत्या.

तिनं खण झटकला. डबा उलटा केला. बाकाखाली वाकून हात फिरवला.

"काय गो, काय पडलं?" दामाजीनं विचारलं.

"काय नाय, दादा."

पुलामागून बोगदा आला आणि पाणी मिटलं. हेमानं खेळायला घेतली असेल? की सासूबाईंना कळलंय सगळं? पुढचा सारा घाट तिला दिसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर बँड वाजत होता. पांढरी बोट धक्क्याला इतकी उंच उभी होती की वरची माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. नऊवारी नेसलेल्या मुली उतरणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांना हळदीकुंकू लावत होत्या. त्यांतल्या एकीनं घाईघाईत मंजुळाच्या कपाळालाही बोट टेकवलं आणि पुढे गेली.

कंपनीच्या माणसानं दोघांना बोटीवरच्या एका लहान खोलीत बसवलं. टेबलावर गुणाजीची बॅग आणि एक कागद. साहेब इंग्रजीत काही हळू बोलला. कंपनीचा माणूस म्हणाला, "ते म्हणतात, वाईट वाटतं. इथे सही करा."

"तो पडला कसा ते सांगा आधी," मंजुळा म्हणाली.

त्या माणसानं साहेबाकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरातून एकाला बोलावलं. सखाराम त्याचं नाव, वेंगुर्ल्याकडचा, गुणाजीच्याच खोलीत झोपणारा. डोक्यावरची पांढरी टोपी काढून तो उभा राहिला आणि बराच वेळ ती टोपीच चुरगाळत राहिला.

"वहिनी, तुमचो गुणाजी माझ्या भावासारखो. खोटा सांगूचा नाय मी." मग त्यानं एक श्वास घेतला. "नारळी पौर्णिमेचा दिवस होता. आम्ही दोघांनी मिळून एक नारळ राखून ठेवलेला. तो म्हणाला, नारळ तू सोड, मला दुसरं काम आहे. खिशात त्याच्या एक हिरवी बांगडी होती."

मंजुळाच्या कानात कुणी कापूस कोंबावा तसं झालं. बँड थांबला होता की नाही, तिला कळेना.

"मी विचारलं, ही कुणाची रे? तर म्हणाला, बायकोची. दर्याचं देणं आहे, नऊ वर्षं राहिलंय. पासपोर्टाला जन्मदाखला शोधताना डब्यात तीन सापडल्या. बिचारी भीतीनं लपवून बसलीय, तिला विचारलं तर मरेल लाजेनं. म्हणून एकच आणली, म्हणजे तिला कळायचं नाही. दर वर्षी एकेक देऊन टाकीन."

"मग?" दामाजीचा आवाज फाटला.

"मी म्हटलं, टाक ना वरून. तर माझ्यावरच उखडला. म्हणे, भिकाऱ्याला चवली फेकतात तशी फेकू? ही हातानं द्यायची असते. बंदर जवळ आलेलं, बोट आत नेणारा वाटाड्या साहेब चढायचा म्हणून बाजूनं दोराची शिडी सोडलेली. उतरला खाली. चांगला कोळी माणूस, मला वाटलं काय होतंय त्याला. पाण्याला हात लावला त्यानं. बघितलं मी, हात लावला. तेवढ्यात बोट कलली आणि लाट आली." सखारामनं टोपी डोळ्यांना लावली. "बांगडी दिली मात्र त्यानं. बरोब्बर दिली."

दामाजी मंजुळाकडे पाहत होता. नऊ वर्षं? कसलं देणं? त्याच्या तोंडावर प्रश्न दिसत होता, पण त्यानं तो विचारला नाही. मंजुळानं कागद पुढे ओढला. रात्रशाळेत गिरवलेल्या अक्षरांत, उघड्या उजव्या हातानं, तिनं नाव लिहिलं. मंजुळा गुणाजी कोळी. नवऱ्याच्या नावाशी पेन जरा अडलं, मग पुढे गेलं.

धक्क्याच्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या, शेवाळलेल्या. दामाजी बॅग घेऊन वर थांबला. "सांभाळून गो," एवढंच म्हणाला. भरती होती. मंजुळा गुडघाभर पाण्यात उतरली, उरलेल्या दोन बांगड्या ओंजळीत घेतल्या आणि ओंजळ पाण्याखाली नेऊन उघडली. या वेळी तिनं काही मागितलं नाही. तो ज्या कामाला उतरला होता, ते अर्धं राहू नये एवढंच होतं. बांगड्या थोडा वेळ दिसल्या, मग दिसेनाशा झाल्या.

परतीच्या गाडीत दूधसागर आला तेव्हा लोक पुन्हा ओरडले. ती बॅगेवर हात ठेवून बसून होती.

चेंदणीला पोचली तेव्हा ऊन कलत होतं. जनाबाई ओट्यावर जवळा निवडत बसली होती. तिनं सुनेचं तोंड पाहिलं नाही, आधी डावा हात पाहिला. बांगड्या जागच्या जागी होत्या. म्हातारीचा चेहरा उजळला.

"नाय ना केलीस सही? माझी बाय ती! मला ठाऊक होतं."

मंजुळा तिच्यासमोर बसली. दामाजी दाराशी खांबाला धरून उभा होता.

"केली, आई."

सुपातला जवळा जनाबाईच्या हातून ओट्यावर सांडला. "का गो? का? कुणी बघितला त्याला?"

"बघितला. बरोबरच्या माणसानं."

"कसा गेला माझा पोर? पट्टीचा पोहणारा तो. कसा गेला?"

ओहोटीच्या वेळी घोट्याएवढ्या पाण्यात कुणी घाई केली होती, ते मंजुळाच्या जिभेवर आलं. समोर सत्तर वर्षांची म्हातारी होती. तिच्या बोटांना जवळ्याचा वास होता.

"शिडीवर पाय घसरला," मंजुळा म्हणाली.

मग तिनं डावा हात सासूच्या मांडीवर ठेवला. "तुम्हीच भरला होतात हा. आता तुमच्याच हातानं वाढवा."