मेलिसाचा आकडा

बोळिंजच्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या कॉलेजांतले प्राध्यापक, डॉक्टरेट झालेले आणि होऊ घातलेले, सगळे माना वर करून पडद्याकडे बघत होते. पडद्यावर विरारच्या एका प्राध्यापकाचा आकडा झळकत होता. गेल्या वर्षी एक, या वर्षी चौदा. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर चक्क हात जोडले.

मी संख्याशास्त्र शिकवते. आकड्याला हात जोडणारी माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं.

हा आकडा म्हणजे काय ते सांगते. तुमच्या दहा लेखांचा दाखला प्रत्येकी किमान दहा लेखांत दिला गेला असेल, तर तुमचा आकडा दहा. आमच्या कॉलेजात बढतीच्या वेळी तो पहिल्यांदा विचारतात. समाजशास्त्रातली माणसं मात्र पुस्तकं लिहितात, मराठीत लिहितात, आणि मोजणाऱ्या यंत्राला त्यातलं फारसं दिसतच नाही.

म्हणूनच माझी मैत्रीण मेलिसा शून्यावर होती. आमच्याच कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवते. बोंबील वाळवायच्या जागेवर पाचूबंदरच्या कोळी बायकांचा हक्क कसा चालतो, बोंबील टांगायचा कुणाचा मांडव कुठे, नवरा गेलेलीला जागा कशी सोडतात, हे समजून घ्यायला ती कित्येक वर्षं तिथे जाऊन बसत होती. तिथली कमळीमावशी सुरुवातीला तिला दारातही उभी करत नसे. मग एक दिवस म्हणाली, "माजा नाव घाल, पन माजा बोलना उलटा नको करू." मेलिसाने अभ्यास एका मराठी मासिकात छापून आणला आणि मावशीला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. मावशीने तो अंक देवांच्या फळीवर ठेवला.

बढतीच्या मुलाखतीत मात्र मेलिसाला सांगण्यात आलं की तुमचं संशोधन कुठे दिसत नाही. ती माझ्यासमोर रडली, आणि मग आकडा वाढवून देणारं हे शिबिर भरवणाऱ्या कौस्तुभ सरांकडे आली. तिला एकटं सोडवेना, म्हणून मीही आले.

सर पांढऱ्या कुर्त्यात मंचावर फिरत होते. लेख आमच्या स्वाधीन करा, शेवटचा हात आम्ही फिरवू, पुढचं काम नेटवर्कची ऊर्जा करील, असं सांगत होते. ऊर्जा! मी उभी राहून विचारलं, "पण हे लेख वाचणार कोण?"

सर गोड हसले. "मॅडम, वाचणं ही जुनी सवय झाली. आता पोच महत्त्वाची."

सभागृह हसलं. मेलिसाने माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

तिने आपल्या अभ्यासाचे तुकडे करून इंग्रजीत दिले. वर्षभरात आकडा शून्याचा सहा झाला. स्टाफरूममध्ये केक कापला गेला. मेलिसा धावत पाचूबंदरला गेली आणि मावशीला म्हणाली, तुमचं बोलणं आता जगभर पोचलं. मावशीने घरोघर पेढे दिले.

मग पाचूबंदरला एक सभा झाली. बोंबील वाळवायच्या जागेवर गाड्या उभ्या करायचा तळ करायचं घाटत होतं आणि गावाचं म्हणणं ऐकायला एका सल्लागार कंपनीचा माणूस आला होता. मेलिसा जाणकार म्हणून पुढच्या रांगेत होती, मावशी आणि बाकीच्या बाया तिच्यामागे. त्या माणसाने शांतपणे वाचून दाखवलं की कोळणी हा धंदा स्वखुशीने सोडत आहेत, नऊ अभ्यास तसं सांगतात, आणि नऊही अभ्यास मेलिसा मॅडमच्या संशोधनाचा दाखला देतात.

मेलिसा ताडकन उठली. मी याच्या नेमकं उलट लिहिलंय, असं ती सांगत राहिली. तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही एक आहात, हे नऊ आहेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ते नऊ लेख उघडले. एक सिमेंटच्या भेगांवर होता, एक हॉटेलच्या स्वागतकक्षावर, एक गायींच्या दुधावर. नऊही लेखांत कोळणी धंदा सोडत असल्याचं तेच एक वाक्य, मेलिसाच्या लेखाचं नुसतं शीर्षक वाचून यंत्राने जुळवलेलं. प्रत्येकाच्या शेवटी तीच नावं, त्याच क्रमाने. सगळी कौस्तुभ सरांच्या शिबिरातली. मासिकंही सरांचीच. शेवटचा हात म्हणजे हाच! प्रत्येकाच्या लेखाला बाकीच्यांची माळ घालायची की सगळ्यांचे आकडे एकदम वर. मग मेलिसाने स्वतःचा छापलेला इंग्रजी लेख उघडला. छापून आल्यावर तो तिने परत पाहिलाच नव्हता. तिच्या कोळणींच्या खाली सिमेंटच्या भेगांचा दाखला होता.

मला खात्री करायची होती. भारदस्त शीर्षकाखाली मी बोंबलाच्या कालवणाची कृती लिहून टोपणनावाने सरांकडे पाठवली. दीड महिन्यात ती छापून आली आणि तिला अकरा दाखले मिळाले. एकाने तिला ग्रामीण लोकशाहीचा मूलगामी अभ्यास म्हटलं होतं. पुढच्या शिबिरात मी ती कृती माइकवर वाचली, मीठ चवीनुसार इथपर्यंत. सर मागच्या दाराने निघून गेले. काही जण हसले, काही जण रडवेले झाले, आणि तिघं नावनोंदणी अजून चालू आहे का, ते विचारायला माझ्याकडेच आले.

मेलिसाने आपले इंग्रजी लेख मागे घेतले. आकडा पुन्हा शून्य झाला, बढतीची संधी गेली. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्या नऊ लेखांचं बिंग फोडणारे कागद घेऊन ती त्या सल्लागाराच्या दारात उभी राहिली, पण तोवर निर्णय होऊन गेला होता. आम्ही पाचूबंदरला पोचलो तेव्हा मांडव काढून जागेला कुंपण घातलेलं होतं. मावशी दारात बसली होती. मेलिसाने तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

मावशीने एवढंच विचारलं, "माजा नाव हाय त्या कागदांत?"

"आहे, मावशी."

"मंग पुसून टाक, बाय."

इंग्रजी लेख मागे घेतले तरी छापून गेलेलं नाव आणि त्या नऊ लेखांतलं वाक्य तसंच राहणार, हे मेलिसा तिला सांगू शकली नाही. परतताना ती रस्ताभर रडत होती.

वाचकहो, अंगारा देणाऱ्या बाबाला आपण हसतो. पण आकडाही अंगाऱ्यासारखा कपाळाला लावता येतो, आणि लावणारे आपल्यासारखेच शिकलेले असतात. कोणी कितीही मोठा आकडा दाखवो, त्याच्यामागचं एक तरी पान उघडा. हे म्हटलं कोणी, वाचून म्हटलं का, आणि नेमकं काय म्हटलं, एवढं विचारा. मेलिसानेही शेवटी हेच विचारलं, पण तेव्हा फार उशीर झाला होता.