आधी पाणी

बांधाच्या भांडणात आसारामनं रतनबाईच्या लेकाला, सहादेवला, भर उन्हात कुऱ्हाडीनं तोडलं, तेव्हा ही बाई कोर्टात कडाडली होती, "फाशीच द्या मुडद्याला!" दिली कोर्टानं. वरच्या कोर्टानंही कायम केली. दोन घरांतलं पाणीसुद्धा तुटलं. आता बहात्तरचा दुष्काळ. सगळं गाव पाथर्डीच्या रस्त्यावर खडी फोडत होतं, आणि आसारामची आई मनकर्णा दयेचा अर्ज घेऊन दारात उभी. मेलेल्याच्या आईचा अंगठा असला तर अर्जाला वजन येईल, असं वकील म्हणाला होता. उद्याच्या पहिल्या एसटीनं कागद नगरला जायचा होता.

"नीघ आधी हितनं!" रतनबाई म्हणाली. मनकर्णा कागद उंबऱ्यावर ठेवून गेली.

पण रतनबाई पडली मोठी चौकस. फाशी मागितली खरी, ती देतात कशी हे तिला कुठं ठाऊक? दुपारी म्हसोबाला कुणाच्या नवसाचं बकरू होतं. नूरमहंमद मुलाणी सुरी बाजूला ठेवून त्याला वाटीनं पाणी पाजत होता.

"आरं, टँकर येऊन आठ दिस झालं. मरनाऱ्याला कशाला पानी?"

"तान्हेल्याला सुरी लावायची न्हाई, मावशी. आमच्या बापानं कधी लावली न्हाई."

"मंग फाशीवाल्याला देत्यात का रं? आन दोर कोन वढतं? त्याला बायकापोरं असत्यात?"

"मी काय बघाया गेल्तो? मानसाचं मला नगा इचारू, मावशी."

बकऱ्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. रतनबाईच्या मनात आलं, सहादेव पडला तेव्हा त्याला तहान लागली असेल का? तिथं दुसरं कुणीच नव्हतं. ठाऊक असलेला माणूस जगात एकच, आणि त्यालाच हे सरकार लटकवणार होतं.

उंबऱ्यावरचा कागद उचलून ती तडक मनकर्णाच्या घरी गेली. चिमणीच्या काजळीत अंगठा बुडवला आणि कागदाच्या वर, न टेकवता, तसाच धरला.

"खरं सांग. माझ्या लेकानं पानी मागितलं व्हतं का? आसाराम काय बोलला तुला?"

खोटं बोलली असती तरी कुणाला कळलं असतं? मनकर्णा रडत म्हणाली, "मागितलं व्हतं, बाई. कळशी जवळच व्हती. ह्यानं दिलं न्हाई, पळून आला."

रतनबाईनं असा हंबरडा फोडला की आळी गोळा झाली. बऱ्याच वेळानं तिनं अंगठा दाबला.

"माफ न्हाई केलं म्या. पन जगू दे त्याला. रोज पानी पेताना आठवू दे."

मग भिंतीला टेकत ती म्हणाली, "घसा सुकलाय. तांब्याभर पानी दे."