मास्तरीण घरी बसली नाही

शिवणकारखान्यात कापड बेतायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. शिबिरात रक्त दिल्यावर आठवड्यानं रक्तपेढीचा फोन आला, तोही कारखान्यातच. पहिल्या तपासणीत एचआयव्हीची शंका होती. तिच्या तोंडून तो शब्द निघाला, कान टवकारलेल्या बायकांना तेवढं पुरलं.

ती नवऱ्याला घेऊन तपासणी केंद्रात गेली. समुपदेशक बाई म्हणाल्या, "शंका म्हणजे निकाल नव्हे. तीन वेगवेगळ्या किटवर बघू. तिन्ही तपासण्या जुळल्या तरच पॉझिटिव्ह."

तिन्ही जुळल्या. नवरा निगेटिव्ह निघाला. पण ताजा संसर्ग लगेच दिसत नाही, म्हणून त्याला तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

घरी सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "कुठून आणलंस हे?"

"कुठून ते रिपोर्टात लिहीत नाहीत, आई. गोळ्या रोज घेतल्या की मी म्हातारी होईपर्यंत तुमच्याशी भांडणार, एवढं पक्कं."

नवरा हसला, मग तोंड फिरवून रडला.

दुसऱ्या दिवशी मालकानं तिला कारखान्याच्या दारातच गाठलं. "काही दिवस घरी बसा. सुया-कात्र्यांचं काम, बायका घाबरल्यात."

"मग घाबरलेल्यांना घरी बसवा."

ती सरळ आत गेली, मशिनं बंद करायला लावली आणि कापड बेतायच्या टेबलावर चढली. हात तिनं कमरेवर ठेवले. "कुजबुजून घसा बसेल तुमचा. ऐका, मी पॉझिटिव्ह आहे. माझी कात्री धरून, माझ्या शेजारी जेवून कुणाला काही होत नाही. सुई टोचली तर जखम धुवायची, लगेच डॉक्टरकडे जायचं. हा नियम माझ्या आधीपासूनचा आहे. मला काढायचं तर लेखी काढा. तो कागद घेऊन कुठं जायचं ते मी केंद्रात विचारून आलेय."

मालकानं लेखी काही दिलं नाही. एकीनं मात्र आपलं मशीन खिडकीपाशी ओढून नेलं, ते तिथंच राहिलं.

नवऱ्याची दुसरी तपासणीही निगेटिव्ह आली. सहा महिन्यांनी तिच्या रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका उतरला. "म्हणजे बरी झालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. गोळ्या चालूच. पण आता तो माझ्या मुठीत आहे."

त्याच आठवड्यात बटणांची काजं करणारी बाई तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्तरीण, मी तपासून घेतलं तर कुणाला कळेल?"

"तू सांगशील त्याला. चल, उद्या सकाळीच जाऊ."