चौकटीच्या कागदावरची लेझीम

कल्लप्पा मास्तरांनी बसवलेली लेझीम सोलापुरात आता कुणालाच येत नव्हती. मास्तर जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी राजेश्वरीबाईच तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्यांनाही पावलं आठवत नव्हती. मास्तरांच्या बायकोनं, चंद्रव्वांनी, ट्रंकेतून एक कागद काढून दिला होता. त्यावर बारीक चौकटी. तांबडा ठिपका म्हणजे झंकार, निळा बाण म्हणजे पाऊल, असं कोपऱ्यात मास्तरांनीच लिहिलेलं. म्हणजे सोपं असायला हवं होतं.

"एक," बाई म्हणाल्या. शाळेच्या पटांगणात आठ मुली उकिडव्या बसल्या.

"दोन." आता एका ठोक्यात उठून गर्रकन वळायचं. दोघी बसल्या जागी कलंडल्या.

"बाई, मास्तर बसूनच सुरू करायचे?" श्रीदेवीनं विचारलं.

"कागदात तसंच आहे."

"आन् नमस्कार शेवटी? सगळं दमून झाल्यावर? काय कळंना की."

मुली खिदळल्या. बाईंनाही काही कळत नव्हतं. पंधरा दिवस हेच चाललं होतं. आपण चुकीचं शिकवू, आणि या मुली पुढं तेच मास्तरांचं म्हणून दाखवतील, याची त्यांना धास्ती होती.

मुलींतल्या अर्शीला न्यायला तिचे आजोबा बडेसाब आले. जन्मभर चादरींचे नक्षे काढलेला माणूस. त्यांनी कागद हातात घेतला.

"कुठल्या चादरीचा?"

"चादर नाही हो, लेझीम आहे."

"असंल. पण तुमी वरनं का वाचताय? नक्षा खालनं वर वाचतात. विणताना खालची ओळ पहिली."

मास्तर शाळेत लागण्याआधी मागावर होते, हे बाईंना ठाऊक होतं. तरी हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मुलींनी तळातल्या ओळीपासून धरलं. आधी नमस्कार, मग चौक, मग वळण. कुणी पडलं नाही. पाचव्या ओळीला बाईंचे गुडघे आपोआप वाकले. आणि सातव्या ओळीशी अडलं; ती पूर्ण कोरी होती.

"इथं थांबायचं असेल," बाई म्हणाल्या.

"नक्षात कोरी चौकट रिकामी नसती," बडेसाब म्हणाले. "धागा असतो, पण मागच्या अंगाला."

"म्हणजे लेझीम पाठीमागं न्यायची?"

"ते मला काय म्हाईत? मी चादरीचं सांगितलं."

दोन्ही करून पाहिलं. दोन्ही बरोबर वाटलं. बाईंनी नव्या वहीत सगळ्या ओळी उतरवल्या, वर 'खालून वाचावे' असं ठळक लिहिलं. सातव्या ओळीपुढं दोन्ही रीती मांडल्या आणि खाली लिहिलं, 'हा आमचा अंदाज, मास्तरांचा शब्द नव्हे.'

"मग आमी कुठलं करायचं?" श्रीदेवीनं विचारलं.

बाईंनी वही मिटली.

"बघू," त्या म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून घ्या."

सातव्या ओळीला चौघी थांबल्या, चौघींनी लेझीम मागं नेली.