शेऱ्याचा रकाना

“हौसामावशी, पार्किंगची पावती फाडलीस का?”

हे मी विचारलं. भर बाजारात, शाळा सुटल्यावर, दप्तर पाठीला, आणि आवाज असा लावून की समोरच्या ज्यूसवाल्यालाही ऐकू जावं. वर्गातल्या वरदने पैज लावली होती. “स्टेजवर एवढी बोलतेस ना? मग विचार तिला. विचारलंस तर वडापाव माझ्याकडून.” माझी मैत्रीण यूम्ना म्हणाली होती, “जाऊ दे ना समीक्षा, कशाला बिचारीला.” पण ती हसत म्हणाली होती, म्हणून मी ते धरलंच नाही.

माझं सांगायचं तर, गेल्या वर्षीपर्यंत मला हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानाही घाम फुटायचा. यंदा नववीत वक्तृत्वात दुसरा नंबर आला आणि तिथून माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. लोक हसले की मला आणखी सुचतं. टाळ्या पडल्या की मी उंच होते. त्या दिवशी तर विनोद आयता समोर मांडून ठेवलेला होता.

म्हणजे असं, की आमच्या पनवेलच्या मेन रोडवर चार दिवसांपूर्वी पे अँड पार्क सुरू झालं होतं. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाने चौकोन आखले, प्रत्येकाला नंबर घातला. गळ्यात पावत्यांचं मशीन अडकवून नझीरचाचा फिरायला लागले. ते यूम्नाच्या बिल्डिंगमध्ये राहतात, अठरा वर्षं कुवेतला होते. आणि चौकोन सात-तीनच्या बरोब्बर मधोमध, जशी काही आरशात बघून रिव्हर्स घेऊन लावली असावी, तशी हौसामावशीची टोपली. टोपलीत कैऱ्या, शेवग्याच्या शेंगा, लाल माठाच्या जुड्या. बाजूला ती स्वतः, काळ्या छत्रीखाली. आपट्याहून सकाळच्या गाडीने येते, दुपारी परत जाते. मी बालवाडीत होते तेव्हापासून ती तिथेच आहे.

तर मी विचारलं. वरद फिस्सकन हसला. ज्यूसवाला हसला. स्कूटीवरच्या दोन बायका हसल्या. मी माझ्या डाव्या पायावर वजन टाकून उभी राहिले, स्टेजवर टाळ्यांसाठी थांबते तशी.

हौसामावशी हसली नाही. तिने छत्री मागे सारली आणि माझ्याकडे बघितलं.

“फारायची रहाते का गो? मना कोनी सांगला नाय.”

“अगं नाही, मी आपलं असंच...”

“नको गो बाय. चार दिस मी फुकाट बसलंय. कोन काय बोलंल उद्या.” ती गुडघ्यावर हात दाबून उठली. पदराच्या टोकाची गाठ दातांनी सोडवत ती नझीरचाचांच्या दिशेने निघाली.

मी मागे धावले. “मावशी, मस्करी केली मी!” पण गर्दीत तिला ऐकू गेलं नाही, किंवा ऐकू जाऊनही मोठ्या शाळेतली मुलगी म्हणते म्हणजे खरंच असणार असं तिला वाटलं असेल.

नझीरचाचा पुढच्या चौकोनाशी होते. त्यांच्याबरोबर ठेकेदाराचा सुपरवायझर निकेश, हातात टॅब. हौसामावशीने दोन चुरगळलेल्या नोटा पुढे धरल्या. “माजी पावती दे रं भाऊ. तासाची किती ती सांग.”

चाचांचा चेहरा असा झाला की मला आजही तो नीट आठवत नाही, कारण मी खाली बघितलं. “या अल्ला,” ते हळूच म्हणाले. “बाई, तुम्हाला कोणी सांगितलं मागायला? चार दिवस मी तुमच्याकडे बघतोय का? बघतच नव्हतो ना मी.”

तेव्हा मला कळलं. चाचा चार दिवस सात-तीनपाशी आले की मशीनमध्ये काहीतरी बघत पुढे सरकायचे. मी तेही पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं, यांना मशीन नीट जमत नसेल.

आता निकेशसमोर विषय निघाला होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याने ‘मावशी’ म्हणूनच सुरुवात केली. “मावशी, पावती गाडीला मिळते, माणसाला नाही. हा दुचाकींचा चौकोन आहे. आता तुम्ही स्वतःच विचारलंत, तर मला सांगणं भाग आहे, इथे बसता येणार नाही.”

“मी आधीपासून बसतंय रं. ईस वर्सं झाली.”

“तसं नोंदीत पाहिजे. हा बघा, जानेवारीतला सर्व्हे.” त्याने टॅबवर बोट फिरवलं. “सात-तीन. शनिवार, दहा ते एक, रिकामी. रविवार, दहा ते एक, रिकामी. शेऱ्यात पण काही नाही.”

हौसामावशीचा चेहरा उजळला. खरंच उजळला. ती वळली आणि तिने माझा हात धरला.

“मंग ही काय! हीच तर बसलेली माज्या बाजूला. दोन दिस. हिनंच सगला लिवून घेतला. सांग गो बाय यांना.”

आता जानेवारीचं सांगते. पट्टे आखण्याआधी पालिकेला कोणत्या जागी किती गाड्या किती वेळ उभ्या असतात ते मोजायचं होतं, आणि ते काम आमच्या वर्गाने हौसेने अंगावर घेतलं होतं. प्रत्येकाला रस्त्याचा एक तुकडा. आमचं भांड्यांचं दुकान सात नंबरच्या तुकड्यात येतं, म्हणून मी तो मागून घेतला. दर अर्ध्या तासाला दुचाकी, चारचाकी, टेम्पो की रिकामी, ते लिहायचं. शेवटी शेऱ्याचा रकाना. सरांनी तीनदा बजावलं होतं, “गाडीखेरीज जे जे दिसेल ते शेऱ्यात लिहा. त्यावरूनच पट्टे आखणार आहेत.”

मी कुठे बसून मोजलं? हौसामावशीच्या शेजारी. तिच्याच पालथ्या घातलेल्या खोक्यावर. तिच्याच छत्रीच्या सावलीत, कारण तिने ती माझ्या बाजूला कलती केली होती. “ऊन लागंल तुना, गोरी पोर काली होशील,” म्हणाली होती. मी तिची बोरं खात होते आणि बिया तिच्याच टोपलीमागे टाकत होते. आणि दर अर्ध्या तासाने तिच्या जागेपुढे लिहीत होते: रि. रि. रि. गाडी नव्हती ना! शेऱ्याच्या रकान्यात मी एक सूर्यफूल काढलं. मग ते खोडून वर छान पांढरी शाई लावली, म्हणून माझा तक्ता वर्गात सगळ्यात नीटनेटका ठरला आणि फळ्याशेजारी लागला.

“सांग गो,” हौसामावशी म्हणाली.

निकेश माझ्याकडे बघत होता. चाचा बघत होते. वरद आणि यूम्ना मागे येऊन उभे होते. मला माईक हातात असल्यासारखं वाटलं, आणि माईक हातात असला की मी अडखळत नाही.

“आम्हाला फक्त गाड्या मोजायला सांगितलं होतं,” मी म्हणाले.

अगदी स्पष्ट उच्चार. एकही शब्द गिळला नाही.

हौसामावशीने माझा हात सोडला. झटकला नाही, सोडला. “हां, तिला काय ठावं, ल्हान हाय ती,” असं ती निकेशलाच म्हणाली, माझी बाजू घेतल्यासारखं. मग जागेवर परत येऊन तिने माठाच्या जुड्या टोपलीत आडव्या रचल्या. खोका उचलून माझ्याकडे दिला. “यो तुमच्या दुकानात ठेव. आता कवा लागंल कोन जाने.”

वरदने वडापाव आणला. मी तो खाल्ला नाही असं लिहायला मला आवडेल. पण अर्धा खाल्ला.

त्यानंतर चार दिवस मी शाळेतून मागच्या गल्लीने घरी गेले. मला खूप वाईट वाटत होतं म्हणून नव्हे, खरं सांगते. मला कोणी बघू नये म्हणून. पाचव्या दिवशी यूम्ना म्हणाली, “एसटी स्टँडच्या भिंतीशी बसते ती आता. उन्हात. छत्री उघडायला जागाच नाही तिथे.”

“मग मी काय करू? फॉर्ममध्ये माणसांचा रकानाच नव्हता.”

“शेरा होता.” यूम्ना माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. “माझ्या तुकड्यात छत्र्या दुरुस्त करणारे काका होते. मी लिहिलं, काका बसतात, दिवसभर, छत्री आणि पेटी. जाऊन बघ, तिथे पट्टा तुटलाय.”

मी जाऊन बघितलं. खरंच, आठ-चार आणि आठ-सहाच्या मध्ये पांढरी रेघ थांबलेली. मध्ये काका, समोर पेटी, एक गिऱ्हाईक. सहा शब्दांची जागा.

तिथून मी आमच्या दुकानाकडे वळले, आणि माझ्या तक्त्यातली दुसरी गोष्ट रस्त्यावर उभीच होती. आजोबांची स्कूटर. चार वर्षं ती चालू झालेली नाही. दोन्ही चाकांत हवा नाही. ती फक्त जागा धरायला असते. आमच्या रस्त्यावर सगळेच दुकानदार असं काहीतरी ठेवतात, कोणी ड्रम, कोणी स्टूल, कोणी सिमेंटमध्ये रोवलेला पाइप. गिऱ्हाइकाने दुसऱ्याच्या दारात गाडी लावावी आणि आपल्या दारात खरेदी करावी, असा सगळ्यांचा हिशेब. जानेवारीत पप्पा म्हणाले होते, “आपल्या पुढ्यात टेम्पो लिही गं, रोज माल उतरतो म्हणून. म्हणजे तेवढी जागा पट्ट्यातून सुटेल.” टेम्पो आठवड्यातून एकदा येतो. मी दोन दिवसांत अकरा वेळा लिहिला. शिवाय शेऱ्यात सुवाच्य अक्षरात: ‘माल उतरवण्याची जागा, सतत वापर.’

म्हणजे मला शेरा लिहिता येत होता. भंगार स्कूटरसाठी आला होता.

दुपारी दोनला आमचं शटर अर्धं खाली येतं आणि मम्मी डबे उघडते. आम्ही तिघं स्टीलच्या टोपांच्या गर्दीत बसून जेवतो. त्या दिवशी मम्मीने विचारलं, “हौसाबाय दिसत नाही गो आठवडाभर. आजारी हाय काय?” मम्मीचं माहेर आपट्याच्या पलीकडचं. गिऱ्हाइकाशी ती शुद्ध बोलते आणि हौसामावशीचं नाव निघालं की आपोआप गावचं.

“पट्ट्यात बसायची ना, उठवली असेल,” पप्पा आमटी ओढत म्हणाले. “कायदा आहे बाबा आता. आपलं नशीब, आपली जागा सुटली. पोरीने काम चोख केलं.”

तो खोका माझ्या मागेच होता. त्यावर प्रेशर कुकरचे तीन डबे रचलेले.

मला वक्तृत्वात शिकवलंय, आधी श्वास घ्यायचा, मग श्रोत्यांकडे बघायचं. मी श्वास घेतला, पण बघितलं ताटाकडे. आणि सगळं सांगितलं. पैज, नोटा, ‘सांग गो बाय’, आणि मी काय उत्तर दिलं ते. मध्ये दोनदा आवाज फाटला. मम्मीने घास ताटात परत ठेवला.

“तिच्या सावलीत बसून?” तिने एवढंच विचारलं.

“हो.”

पप्पा पाणी प्यायले. “बरं, झालं ते झालं. एक महिना चाचणी आहे, हरकती घेतायत. सात-तीनचं दे लिहून. चुकून राहिलं म्हण. मी ओळखीने देतो पोचवून.”

“चुकून नाही राहिलं.”

“आणि सात-एकचं, आपल्या पुढ्यातलं?” पप्पांनी विचारलं.

“तेही लिहून देणार.”

“ए, वेडी आहेस का? ते कशाला उकरतेस? ती जागा गेली तर स्कूटर कुठे ठेवू, डोक्यावर?” मग आवाज खाली आणून, “ते तर मी सांगितलं होतं तुला. तुझ्यावर कशाला घेतेस?”

पप्पांचा चेहरा लाल झाला होता. मी त्यांना कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. आता ते बघत होते, माझ्यासारखंच, ताटाकडे. मला वाटलं, थांबावं. एवढ्यावर सोडावं. पण मागे खोका होता.

मी दप्तरातून दोन पानं काढून डब्याशेजारी ठेवली. खाडाखोड खूप होती. पांढरी शाई लावली नव्हती.

“पप्पा, दोन्ही एकाच तक्त्यावर आहेत. एक खोटं तसंच ठेवलं तर दुसरं खरं आहे हे कोण मानेल? तुमचं नाव नाही लिहिलं मी, अक्षर माझं होतं. उद्या सकाळी पहिल्या तासाला सरांना सांगणार, तो तक्ता भिंतीवरून काढा म्हणून. मग दोन्ही पानं पालिकेत नेऊन देणार, मी स्वतः, शिक्का मारून पोच घेणार. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी जाणार. आणि तिथून एसटी स्टँडला जाणार, हा खोका घेऊन. हौसामावशीला सांगायला, की त्या दिवशी मी खोटं बोलले, आणि पावतीचं कशासाठी विचारलं होतं तेही. वडापावाचंसुद्धा.”