सकाळी आठचा फोटो

सकाळी सात पंचावन्नला सुयोगनगरच्या वळणावर मधुरिमा जगदाळे स्कूटरवरून पडली. रस्त्यावर खडी सांडलेली होती. पुढचे चाक घसरले, स्कूटर आडवी झाली आणि सगळा भार तिच्या उजव्या मनगटावर आला.

सुयोगनगर ही इंदूरमधल्या भंवरकुआं भागापलीकडची वसाहत. मधुरिमा तिथेच मागच्या गल्लीत भावाकडे राहते. तुकोगंजमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेणे हे तिचे काम. त्या दिवशीही ती कामावरच निघाली होती. तिच्या पुढे खडीने भरलेला डंपर होता. त्यावर ताडपत्री नव्हती. वळताना मागच्या फळीवरून खडी घरंगळलेली तिने पाहिली, पण ब्रेक दाबेपर्यंत ती त्या खडीवर पोहोचली होती. इस्पितळात पोलिसांनी जबाब घेतला, तेव्हा तिने हेच सांगितले.

नाक्यावरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात डंपर दिसतो, मागून येणारी मधुरिमाही दिसते. डंपरचा नंबर वाचता येतो. पण कॅमेऱ्याची नजर वळणाच्या अलीकडेच संपते. पडलेली खडी त्यात नाही, पडलेली मधुरिमाही नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा रस्ता झाडून स्वच्छ झालेला होता.

तो झाडला होता शोभनाकाकूंनी. वळणावरचे घर त्यांचेच. त्यांनी मधुरिमाला उठवून पाणी पाजले, रिक्षात बसवून दिले आणि मग खराटा हातात घेतला. दोन शेजारणी मदतीला आल्या. खडी गोण्यांत भरली, मलब्याच्या गाडीत चढवली. इंदूरमध्ये रस्त्यावर काही सांडलेले लोकांना बघवत नाही, आणि सुयोगनगरमध्ये तर त्या महिन्यात वॉर्डाची ‘आदर्श गल्ली’ स्पर्धा चालू होती. पोलीस येईपर्यंत खडी तशीच ठेवावी, हे एकाही माणसाच्या मनात आले नाही.

शस्त्रक्रियेनंतर मनगटाचे हाड जुळले. अंगठा मात्र सुईची पकड धरत नाही. दुसरी शस्त्रक्रिया झाली तर पकड परत येईल आणि ती वर्षभरात व्हायला हवी, असे डॉक्टरांचे मत आहे. पहिल्या शस्त्रक्रियेतच भावाची शिल्लक संपली होती. लॅबने मधुरिमाला तूर्त रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसवले. दुसरी शस्त्रक्रिया आता मोटार अपघात न्यायाधिकरणातल्या दाव्यावर अवलंबून होती.

दावा चालवत होती ऋजुता. ती मूळची नाशिकची, लग्नानंतर इंदूरला येऊन वकिली करू लागलेली. शोभनाकाकूंची साक्ष तिला पहिल्या दिवसापासून हवी होती. काकूंचे पती अप्पासाहेब हे वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष. “कोर्ट-कचेरीच्या लफड्यात आमच्या घरातलं कुणी पडत नाही,” असे सांगून त्यांनी तिला दारातूनच परत पाठवले होते.

दुसऱ्या तारखेला डंपरच्या विमा कंपनीचे वकील नीरज व्यास यांनी एक फोटो दाखल केला. तो सुयोगनगरच्या वळणाचा होता. तारीख अपघाताचीच, वसाहतीच्या समाजमाध्यमावरच्या स्वतःच्या पानावरून घेतलेली. रस्ता मोकळा, स्कूटर नाही, माणसे नाहीत. खाली अप्पासाहेबांनी हौसेने लिहिले होते: ‘सुयोग नगर, आज सुबह ठीक आठ बजे। एक कंकर ढूँढ़कर दिखाओ!’

पाच मिनिटांपूर्वी जिथे खडी सांडली, बाई पडली, लोक जमले, ती जागा अशी दिसेल का, एवढाच व्यासांचा प्रश्न होता. बाई दुसरीकडे कुठेतरी आपल्याच चुकीने पडल्या, असे त्यांचे म्हणणे. न्यायाधीशांनी फोटो पुढे ओढला आणि बराच वेळ पाहिला.

त्या संध्याकाळी ऋजुता आणि मधुरिमा अप्पासाहेबांच्या घरी गेल्या. या वेळी दार शोभनाकाकूंनी उघडले.

“या, या. बैठा ना आरामात. मधुरिमा, हात कसा आहे ग?”

“ठीक आहे, काकू. मतलब, चहाचा कप धरता येतो. सुई नाही.”

अप्पासाहेब सोफ्यावर बसले होते. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दरबारी कारकून होते, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे, कारण ते सगळ्यांना सांगतात. ऋजुताने फोटोची छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

“हा तुम्हीच टाकला होता ना?”

“मीच. रोज टाकत होतो. स्पर्धेचा नियमच होता, आठच्या आत गल्ली साफ पाहिजे.”

“हा आठला काढलाय?”

अप्पासाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. “अब देखिए वकीलसाहेबा, सकाळची वेळ म्हणजे… सकाळच.”

“सकाळ काय सकाळ!” शोभनाकाकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. “नऊ वाजून गेले होते. झाडून झाडून माझी कंबर गेली, आणि हे आले मोबाइल घेऊन. मला म्हणतात, जरा बाजूला हो, फ्रेममध्ये येतेस!”

मधुरिमाला हसू आले. अप्पासाहेबांना आले नाही.

“झाडण्याआधीचा एखादा फोटो?” ऋजुताने विचारले.

“मी काढला होता,” काकू बाहेर येत म्हणाल्या. “आधी आणि नंतर, दोन्ही. यांनी आधीचा डिलीट करायला लावला. म्हणे, असले फोटो फिरले तर स्पर्धेत नंबर कटेल.”

मग अप्पासाहेबांनी हळू आवाजात विचारले, “मी कोर्टात सांगितलं की वेळ खोटी लिहिली होती, तर आदर्श गल्लीचं काय? पहिला नंबर आला म्हणून तो बोर्ड नाक्यावर लागलाय. दोनशे घरं आहेत, बेटा. लोक मला काय म्हणतील?”

“लोक ते म्हणतातच,” काकू म्हणाल्या. “तुमच्या तोंडावर नाही म्हणत, बस.”

“अप्पाजी, तुम्ही घाण लपवली असं मी म्हणतच नाहीये,” मधुरिमा म्हणाली. “तुम्ही रस्ता साफ केला, चांगलंच केलं. माझ्या मागून कुणी आलं असतं तर तोही पडला असता. पण आता कोर्टात ते वकील म्हणतायत की मी तिथे पडलेच नाही. मग मी पडले कुठे?”

अप्पासाहेबांनी मोबाइल उघडला आणि जुने फोटो मागे सरकवत नेले. त्या तारखेचा मूळ फोटो होता. तपशिलात काढल्याची वेळ होती: नऊ वाजून अठरा मिनिटे. त्यांनी मोबाइल ऋजुताकडे सरकवला.

“स्क्रीनशॉट काढू?”

“नको. काही काढू नका, काही पुसू नका. मोबाइलच कोर्टात आणा,” ऋजुता म्हणाली. “आणि तुम्हीही या.”

पुढच्या तारखेला नवरा-बायको दोघेही आले. अप्पासाहेबांनी कोट घातला होता. उलटतपासणी हिंदीत झाली.

“यानी आपने जनता को झूठा समय बताया?” व्यासांनी विचारले.

“जी हाँ.”

“इनाम के लिए?”

“जी. इनाम के लिए।”

“तो आज सच बोल रहे हैं, यह हम कैसे मान लें?”

“मेरी मत मानिए। फोन सामने रखा है, उसकी मान लीजिए।”

न्यायालयाच्या कर्मचाऱ्याने मोबाइलमधली वेळ मोठ्याने वाचली. मूळ फोटो पुराव्यात घेतला गेला. त्यानंतर शोभनाकाकूंची साक्ष झाली. खडी किती होती, असे व्यासांनी विचारल्यावर त्यांनी हाताने गुडघ्याच्या थोडे खाली दाखवले, मग स्वतःच दुरुस्त केले: “इतकी नहीं थी. बढ़ा के नहीं बोलूँगी. पर पूरे मोड़ पर फैली थी.” मधुरिमाला तिथून आपणच उचलले, असेही त्यांनी सांगितले.

व्यासांनी फोटोचा मुद्दा सोडला आणि दुसरा धरला. खडी होती, असे मानले तरी ती याच डंपरमधून पडली कशावरून? दिवसभर त्या रस्त्याने अनेक गाड्या जातात. हा प्रश्न बिनबुडाचा नव्हता आणि ऋजुताने तो तसा म्हटलाही नाही. शोभनाकाकूंच्या साक्षीत एक वाक्य आले होते: झाडताना खडीची विरळ रेघ गल्लीच्या टोकाला चाललेल्या बांधकामापर्यंत गेलेली त्यांनी पाहिली होती. त्या वाक्यावर ऋजुताने अर्ज केला. बांधकामाच्या ठेकेदाराला त्या दिवशी खडी कुणी पोहोचवली, हे सांगण्यासाठी बोलवावे. अर्ज मंजूर झाला.

बाहेर व्हरांड्यात अप्पासाहेब बाकावर बसले. कोट काढून त्यांनी मांडीवर ठेवला होता.

“बोर्ड मी स्वतःच उतरवतो,” ते म्हणाले.

“उतरवा,” काकू म्हणाल्या. “आणि खिळेही काढा. नाहीतर उद्या तिथे तुमचा फोटो लावाल.”

मधुरिमाने अप्पासाहेबांची पाण्याची बाटली उघडून द्यायला घेतली. उजव्या हाताने झाकण फिरले नाही. मग डाव्याने उघडली.

बोर्ड त्याच आठवड्यात उतरला. समितीच्या बैठकीत दोन सभासद अप्पासाहेबांवर चिडले. एकाने राजीनामा मागितला; तो त्यांनी दिला नाही. वसाहतीच्या पानावर फोटो अजून येतात, आता खाली फक्त मोबाइलने नोंदलेली वेळ असते. परवाची वेळ अकराची होती.

ठेकेदाराला समन्स पोहोचल्याची नोंद मंगळवारी न्यायालयात आली. तो पुढच्या तारखेला येईल की नाही, ते कळलेले नाही. डंपरचा चालक एकदाही हजर झालेला नाही.

बुधवारी दुपारी नीरज व्यास यांच्या कार्यालयातून ऋजुताला फोन आला. मधुरिमाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांनी दिलेले मत पाठवाल का, एवढेच त्यांनी विचारले. तडजोड हा शब्द फोनवर कुणी उच्चारला नाही. ऋजुताने तासाभरात ते पाठवले आणि मधुरिमाला कळवले. लॅबच्या खिडकीवर तेव्हा रांग होती, मधुरिमाने एवढेच विचारले, “पहुँच गया ना?”

पोहोचल्याचे उत्तर आले आहे. त्यापुढचे अजून आलेले नाही.